भावाच्या सट्ट्याचं कर्ज: एफडी मोडण्याआधी काय करायचं

विचारलेलं थोडक्यात असं: कळव्याच्या एका ताईंचा धाकटा भाऊ घणसोलीत राहतो, महापे एमआयडीसीत नोकरीला आहे. दोन वर्षांपासून आयडी घेऊन, म्हणजे एजंटकडून सट्ट्याच्या साइटवरचं खातं घेऊन, क्रिकेटवर सट्टा खेळतोय. बायकोला आता कळलंय. देणं साडेसहा लाखांचं आहे असं तो सांगतो. क्रेडिट कार्ड, तीन-चार लोन अ‍ॅप, एक सावकार आणि बुकीची उधारी. वडील निवृत्तीची एफडी मोडून सगळं एकदम मिटवायला निघालेत. भाऊ म्हणतो, एवढ्या वेळी मिटवा, यापुढे लिमिटमध्येच खेळेन. पैसे द्यावेत का, आणि ठाण्याच्या आसपास उपचार कुठे मिळतील?

एफडी आत्ता मोडू नका. पैसा वाचवायचा म्हणून हे सांगत नाही, एकरकमी पैसे दिल्याने हा आजार वाढतो म्हणून सांगतो. कार्डाचं बिल भरलं की तेवढीच मर्यादा त्याच मिनिटाला पुन्हा मोकळी होते. लोन अ‍ॅपचं कर्ज वेळेत फिटलं की वाढीव रकमेची ऑफर येते. बुकीची उधारी चुकती झाली की त्याच्या लेखी हा भरवशाचा गिऱ्हाईक, कोटा दुप्पट. म्हणजे वडिलांचे साडेसहा लाख गेले आणि भावाच्या हाताशी पुन्हा तेवढीच उधार घ्यायची सोय तयार झाली. शिवाय कबूल केलेला पहिला आकडा सहसा पुरा नसतो. लाजेपोटी एखादं देणं मागे ठेवलं जातं, बहुधा मित्राचं किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याचं, आणि ते गुपचूप भागवायला माणूस पुन्हा खेळतो.

क्रम असा ठेवा: आधी जीव, मग पैशाचे रस्ते, मग उपचार, आणि कर्ज सगळ्यात शेवटी.

जिवाचं आधी का, तर सट्टा उघडकीला आल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. त्याला सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘माझ्या विम्याचे पैसे तरी तुम्हाला मिळतील’ असं काही तो बोलला असेल तर ते चिडून बोलला म्हणून सोडून देऊ नका; त्या रात्री एकटं ठेवू नका आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. टेली मानसचा नंबर १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.

आता पैशाचे रस्ते. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण समुपदेशनाला जाणारे बरेच जण नेमकं हेच काम अर्धवट ठेवतात.

गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून घ्या आणि पेन घेऊन त्याच्यासोबत बसा. सट्ट्याच्या नोंदी सट्ट्याच्या नावाने येत नाहीत. आयडीवाला दर वेळी नवा क्यूआर पाठवतो, त्यामुळे समोरची नावं सारखी बदलतात: कुणी अनोळखी माणूस, कुठलं तरी ‘ट्रेडर्स’, ‘एंटरप्रायझेस’, ‘मोबाइल शॉपी’. खूण असते रकमेत आणि वेळेत. ५००, १,०००, २,०००, ५,००० असे गोल आकडे, एकाच संध्याकाळी ओळीने चार-पाच, आणि रक्कम चढत जाणारी. वेळ स्टेटमेंटवर नसेल तर यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत मिळते. साडेसात ते अकरा म्हणजे मॅच. रात्री दोन-तीनच्या नोंदी असतील तर क्रिकेटबरोबर त्याच आयडीवरचा कॅसिनोही चालू आहे, आणि तो जास्त वेगाने खातो. जमा बाजूला फायनान्स कंपन्यांची नावं शोधा. लोन अ‍ॅपचे पैसे बहुधा तिथे सापडतात.

दुसरा कागद क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही काढा, एखादं कर्ज एकात नसतं, दुसऱ्यात सापडतं. पीएफचं पासबुक बघा, मध्ये अ‍ॅडव्हान्स उचललाय का ते कळेल. भिशी, पतपेढी, मित्र आणि सावकार यांतलं बरंच काही रिपोर्टमध्ये येत नाही, ते तोंडीच विचारावं लागतं. भावजयीचे दागिने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहा. सोनेतारणाची पावती निघाली तर भांडण नंतर करा, आधी ती यादीत लिहा.

मग कुलपं. पगाराच्या खात्यातून पगाराच्याच तारखेला, घरखर्चाची आणि हप्त्यांची सगळी रक्कम दुसऱ्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना बँकेत द्या. हे दुसरं खातं भाऊ-भावजयीचं संयुक्त आणि दोघांच्या सहीने चालणारं असावं. बँका बहुतेकदा ‘दोघांपैकी कोणीही’ हाच पर्याय सुचवतात, तो नको. दोघांची सही लागणाऱ्या खात्यावर यूपीआय चालत नाही, हेच तर आपल्याला हवं आहे. पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड भावजयीकडे. कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येतो. ही सोय प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. क्रेडिट कार्ड कापून फेकलं म्हणजे बंद झालं असं नाही. देणं फिटलं की कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. बँकेने ते ७ कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

भावाला आठवड्याचा खर्च रोख द्या. रेल्वेचा किंवा एनएमएमटी बसचा पास परस्पर काढून द्या. रक्कम इतकीही कमी नको की त्याला चहाचे पैसेही मागावे लागतील. अपमान झाला की तो बाहेरून उसने घेणार. ही व्यवस्था निदान वर्षभराची आहे आणि दर तीन महिन्यांनी दोघांनी बसून तिचा आढावा घ्यायचा, हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. मुदत माहीत असली की माणूस ती निभावतो.

फोनवर बेटब्लॉकर टाका. एका धर्मादाय संस्थेचं मोफत अ‍ॅप आहे, जुगाराच्या हजारो साइट अडवतं, आणि एकदा मुदत घातली की ती संपेपर्यंत काढणं अवघड जातं. पण आयडीवाले साइटचा पत्ता सतत बदलतात, म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरचे टिप्सचे ग्रुप सोडणं, एजंटचे नंबर ब्लॉक करणं, जुनं सिम बंद करणं, हे सगळं त्याच बैठकीत उरकून घ्या. आयडीत ‘अडकलेले’ पैसे काढायच्या नादाला लागू नका. विथड्रॉलसाठी आधी टॅक्स भरा, अमुक इतकी उलाढाल करा, असं सांगून आणखी पैसे काढले जातात.

‘लिमिटमध्ये खेळेन’ याबद्दल. तपासायला दोनच प्रश्न पुरतात, आणि जगभर वापरले जातात: कधी जास्त-जास्त पैसे लावावेसे वाटले का? किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर हो आलं तर पुढची तपासणी करायची. त्यासाठी नऊ प्रश्नांची पीजीएसआय ही प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, ८ किंवा जास्त आले तर समस्या गंभीर. ती त्याने एकट्याने भरावी, समोर बसून भरून घेतली तर गुण हमखास कमी येतात. मानसोपचारतज्ज्ञ नऊ लक्षणं बघतात आणि वर्षभरात चार आढळली तर निदान करतात. हरलेलं वसूल करायला पुन्हा खेळणं, लपवणं, उसने पैसे, ही तीन तुमच्या लिहिण्यातच दिसतात. प्रत्यक्ष निदान डॉक्टरच करतील, पण ते होईपर्यंत भावाचं लिमिट शून्य. त्यात ऑफिसातलं आयपीएलचं पूल, लोकलमधली रमी, दिवाळीची तीन पत्ती, लॉटरीचं तिकीट, सगळं आलं.

इतरांच्या घरात गणपतीच्या जागरणाला पत्ते बसतात आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी कॅनडात २०२१ साली ठरवलेली मर्यादा वापरण्यासारखी आहे: महिन्याला घराच्या करपूर्व उत्पन्नाच्या १ टक्क्याहून जास्त नाही, महिन्यातून ४ दिवसांहून जास्त नाही, दोनहून जास्त प्रकारांत नियमित नाही. ६० हजारांच्या घरात महिन्याला ६०० रुपये. रोख घेऊन बसा, डावावर यूपीआय नको, उधार नको.

धोका नेमका कुठे असतो हे बहुतेकांना उलटं वाटतं. मटका घ्या. एकेरी आकड्याला एकास नऊ मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात, म्हणजे १० टक्के सरळ तोटा. मोबाइलवरच्या उडत्या विमानाच्या खेळात शेकडा ९७ परत मिळतात असं सांगतात, म्हणजे तोटा ३ टक्केच. पण त्याची एक फेरी समजा २० सेकंदांची. तासाला १८० फेऱ्या, दर फेरीला १०० रुपये, उलाढाल १८ हजार. त्याच्या ३ टक्के म्हणजे सरासरी ५४० रुपये तासाला. मटक्यात दिवसाला शंभर लावणारा सरासरी दहा रुपये गमावतो. टक्के कमी असले तरी वेग खातो. क्रिकेटमध्ये आधी सामन्यावर एकच पैज लागायची, आता सेशन (ठरावीक षटकांतल्या धावांवरची पैज) आणि चेंडूगणिक भाव आल्याने तोही त्याच वेगाला पोचलाय. वेगवान खेळात हरल्यावर भानावर यायला मध्ये वेळच उरत नाही.

इंग्लंडसारख्या देशांत ‘जबाबदारीने खेळा’ म्हणतात तेव्हा मागे परवाना असलेली कंपनी असते. तिच्याकडे रोजची मर्यादा लावून घेता येते, आणि एका अर्जावर परवानाधारक सगळ्या ऑनलाइन कंपन्यांतून स्वतःला बंद करून घेता येतं. आपल्याकडे तसं कोणी नाही. महाराष्ट्रात राज्य लॉटरी आणि रेसकोर्सवरच्या परवानाधारक पैजा सोडल्या तर जुगार १८८७ च्या कायद्याखाली येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा तर पैशांवरच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांना मनाई करतो, कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्यातली शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्याला आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे या कायद्याच्या भीतीने उपचार टाळू नका. पण आयडीवाला कुठल्याही नियमात बसत नाही. तो लिमिट लावून देणार नाही, ते घरात आणि बँकेतच लावावं लागतं. म्हणून वरचा सगळा खटाटोप.

एक स्वतंत्र धोका. आयडीला जोडलेली खाती फसवणुकीच्या पैशांसाठीही वापरली जातात. त्यातून भावाच्या खात्यात ‘जिंकलेले’ पैसे आले असतील तर एखाद्या दुसऱ्याच राज्याच्या सायबर पोलिसांच्या सूचनेवरून त्याचं खातं गोठू शकतं. तसं झालं तर बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या आणि तिकडे स्टेटमेंटसह खुलासा पाठवा. आणि कर्ज फेडायला कुणी ‘खातं भाड्याने दे, महिन्याला पंधरा हजार देतो’ म्हणालं तर तिथे सट्ट्याचा विषय संपतो आणि थेट आरोपी होण्याचा सुरू होतो.

उपचार. तुम्ही कळव्यात आहात, तर छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा मानसोपचार विभाग सगळ्यात जवळ. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे; नावाला बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणूस घरी येतो. भावाला घणसोलीहून वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय सोयीचं पडेल. समुपदेशनासाठी ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे.

केसपेपर काढताना ‘टेन्शन आहे’ एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी घेऊन परत याल. स्पष्ट सांगा: सट्ट्याचं व्यसन, किती वर्षं, देणं किती, झोप कशी, दारू किती, जीव द्यायचे विचार आहेत का. कर्जाची यादी सोबत न्या. पुढे साधारण आठ ते बारा बैठकांची विचार-वर्तन पद्धतीची उपचारमालिका असते. खेळायची ओढ कधी उसळते, त्या वेळी मनात नेमकं कुठलं वाक्य येतं (‘आज फक्त काढून घेतो’), आणि ती उतरेपर्यंतचा अर्धा तास कसा घालवायचा, हे तिथे वहीवर लिहून शिकवतात. नाल्ट्रेक्झोन या गोळीचा काहींना उपयोग होतो. ती देण्याआधी यकृताची तपासणी करतात. नैराश्य किंवा दारू सोबत असेल तर त्याचे उपचार वेगळे. जाता जाता: कंपवातावरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोल, आयुष्यात कधी न खेळलेल्या माणसाला जुगाराची ओढ लागू शकते. घरातल्या एखाद्या आजोबांचं असं झालं तर गोळी आपल्या मनाने बंद न करता न्यूरॉलॉजिस्टला सांगा.

गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस हा १९५७ मध्ये सुरू झालेला, आता जगभर चालणारा जुगार सोडणाऱ्यांचा गट; वर्गणी नाही, ऑनलाइन सभांना घरूनही बसता येतं. ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो’ म्हणणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांपासून मात्र लांब राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार केंद्राची नोंदणी लागते आणि इच्छेविरुद्ध दाखल करायला ठरावीक वैद्यकीय अटी आहेत. सट्टा खेळतो एवढ्यावर कुणाला डांबता येत नाही.

आता कर्ज. घरभाडं, गृहकर्ज, शाळेची फी आधी. बँकेला आणि कार्डवाल्यांना स्वतः लिहा, थकबाकीचं हप्त्यांच्या कर्जात रूपांतर मागा. कार्डावरचं फिरतं व्याज वर्षाला ३६ ते ४८ टक्क्यांच्या घरात जातं, तेव्हा हा फरक मोठा आहे. लोन अ‍ॅप रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते तपासा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही. फोनमधल्या नंबरांवर बदनामी किंवा फोटो बदलून धमकी आली तर सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन १९३०. नोंदणीकृत कंपनीविरुद्ध तिने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी १४४४८.

सावकाराचा परवाना विचारा. विनापरवाना सावकारीवर २०१४ च्या राज्य कायद्याने तुरुंगवास आहे आणि तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करायची असते. कोरे चेक, सही केलेले मुद्रांक, गाडीचं आरसी बुक काय काय दिलंय ते यादीत लिहा.

बुकीची उधारी यादीत सगळ्यात खाली. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार रद्दबातल आहे, कोर्टातून वसूल होत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ च्या एका कायद्याने पैजेसाठी किंवा ती फेडायला केलेल्या पूरक करारांनाही तेच लागू केलंय. तरी नवा चेक लिहून देऊ नका, तो वटला नाही की कोर्टाच्या फेऱ्या सुरू. वाद घालू नका, मेसेज जपून ठेवा, धमकी आली तर पोलिसांत जा.

वडिलांना मदत करायचीच असेल तर तीन महिने उपचार आणि बँकेची व्यवस्था नीट चालल्यावर, एकेका कर्जाच्या खात्यात परस्पर भरावी, भावाच्या हातात रोख नको, आणि प्रत्येक वेळी ना-देय दाखला घ्यावा. उरलेलं त्याने पगारातून फेडायचं. राहत्या घरावर कर्ज काढू नका. तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी जामीनदार म्हणून सही करू नये. हे आजच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी संकोच होणार नाही.

तो पुन्हा एकदा खेळेल ही शक्यता धरूनच चाला. पगाराचा दिवस, बोनस, नवरा-बायकोचं भांडण आणि मार्चअखेर ते मेअखेर आयपीएल, या वेळा जोखमीच्या. त्या दोन महिन्यांत साडेसातनंतर स्मार्टफोन भावजयीकडे आणि त्याच्याकडे बटणांचा साधा फोन, असं आधीच ठरवा. खेळलाच तर २४ तासांत सांगायचं आणि घरच्यांनी त्या दिवशी फक्त तीन गोष्टी विचारायच्या: किती, कुठून आणले, कुठल्या नंबरवर पाठवले. तेवढा रस्ता दुसऱ्या दिवशी बंद करायचा आणि पुढची तारीख असेल तरी त्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून यायचं.